दांगुनची कबर: पार्श्वभूमी

अस्वलाची बाई कशी झाली आणि तिच्या पोटी दांगुन कसा जन्मला, ही गोष्ट कोरियाबद्दल थोडेफार वाचणाऱ्याला ठाऊक असतेच. ती इथे पुन्हा सांगत नाही. कोरियाचे पहिले राज्य मानल्या जाणाऱ्या गोजोसनचा हा संस्थापक आज आपल्याला भेटतो तो ‘समगुक युसा’ या ग्रंथात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मंगोल स्वाऱ्यांनी देश होरपळून निघाल्यावर, एका बौद्ध भिक्खूने तो लिहिला. त्याआधीच्या ११४५ च्या दरबारी इतिहासात दांगुनची ही कथा नाही. भिक्खूने ज्या चिनी ग्रंथाचा हवाला दिला, त्याच्या उपलब्ध प्रतींतही हा मजकूर सापडत नाही. राज्यस्थापनेचे इ.स.पूर्व २३३३ हे साल तर त्याहून नंतरचे. चीनच्या पौराणिक सम्राट याओच्या कारकिर्दीवरून पंधराव्या शतकातल्या दरबारी इतिहासकारांनी ते बसवले.

विसाव्या शतकात या कथेला खरी धार आली. जपानी राजवटीतल्या विद्वानांनी दांगुन म्हणजे भिक्खूंची कल्पना असे म्हणून तो निकालात काढला. जे परक्या सत्तेने नाकारले, ते जपणे हे साहजिकच देशकार्य ठरले. १९०९ मध्ये दांगुनच्या उपासनेचा एक पंथच उभा राहिला होता. त्या पंथाचा दहाव्या चांद्रमासातल्या तिसऱ्या दिवसाचा उत्सव पुढे दक्षिण कोरियाची राष्ट्रीय सुट्टी झाला. १९४९ मध्ये तिथी सोडून सरळ ३ ऑक्टोबर ही तारीख धरली, कारण तिथीप्रमाणे दिवस दरवर्षी हलतो. १९४८ ते १९६१ या काळात सरकारी कागदपत्रांवर दांगुन शकच होता. इसवी सनात २३३३ मिळवायचे, की झाले.

उत्तर कोरियात मात्र चित्र वेगळे होते. तिथल्या इतिहासकारांनी अनेक वर्षे दांगुनला मिथक मानले आणि गोजोसनचे केंद्र आजच्या चीनमधल्या लियाओदोंग भागात असल्याचे सांगितले. पुराव्यांकडे पाहता हे फार चुकीचे नव्हते. त्या भागातल्या बिवा या तंतुवाद्याच्या आकाराच्या कांस्य कट्यारी गोजोसनशी जोडल्या जातात.

मग १९९३ उजाडले. राजधानी प्योंगयांगजवळच्या गांगदोंगमध्ये ‘दांगुनची कबर’ म्हणून एक जुने थडगे लोकांना माहीत होते. सोळाव्या शतकातल्या भूगोलग्रंथातही त्याची नोंद आहे. ते उकरले गेले आणि ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले की, आत एका पुरुषाची आणि एका स्त्रीची हाडे मिळाली असून ती दांगुन आणि त्याच्या राणीची आहेत. वय ५,०११ वर्षे. म्हणजे परंपरेने सांगितलेल्या सालापेक्षाही सुमारे ७०० वर्षे जुनी! वय काढायला वापरली होती इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स पद्धत, म्हणजे नैसर्गिक किरणोत्साराचा पदार्थात साठलेला परिणाम मोजून वय काढणे. एवढ्या वयाच्या हाडांसाठी जगभर रेडिओकार्बनचा आधार घेतला जातो, तो इथे पुढे आला नाही. बाहेरच्या तज्ज्ञांना स्वतंत्र तपासणीची संधीही मिळाली नाही.

थडग्याची बांधणी गोगुर्यो या बऱ्याच नंतरच्या कोरियन राज्याच्या काळातली, म्हणजे हाडांच्या जाहीर वयापेक्षा सुमारे तीन हजार वर्षे किंवा त्याहूनही अलीकडची. आत सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्य मुकुटाचे तुकडे निघाले. इतक्या जुन्या काळात असली कारागिरी कुठून येणार? त्यावर उत्तर तयार होते: गोगुर्योच्या लोकांनी आदराने कबर नव्याने बांधली. हे अशक्य नाही. पण हाडे दांगुनची आहेत हे आधीच मान्य केले, तरच ते पटते.

हाडे दांगुनची ठरवण्याचा हा निर्णय घेताना उत्खननाचा अहवाल समोर होता, तसा नकाशाही असावा. उत्तरेचा पाठीराखा सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता, आणि आपणच खरे कोरिया हा दावा दोन्ही बाजूंना करायचा होता. लियाओदोंगमधले केंद्र त्या कामाचे नव्हते, राजधानीच्या वेशीवरची कबर होती. जुनी भूमिका गुंडाळली गेली, गोजोसन प्योंगयांगला आणले गेले आणि १९९८ मध्ये तेदोंग नदीकाठची संस्कृती जगातल्या आद्य संस्कृतींपैकी एक असल्याचे घोषित झाले. ज्यांनी लियाओदोंगच्या बाजूने लिहिले होते, त्यांनाच आता उलट लिहावे लागले. नवी भव्य समाधी ऑक्टोबर १९९४ मध्ये पुरी झाली. पायऱ्यापायऱ्यांचा दगडी पिरॅमिड, उंची २२ मीटर, प्रत्येक बाजू ५० मीटर, आणि दगड मोजून १,९९४. ती बांधून घेणारे नेते किम इल-सुंग त्याच वर्षी जुलैत वारले.

दक्षिणेतल्या बहुतेक अभ्यासकांनी दावा फेटाळला. पण दक्षिणही कोरडी राहिली नाही. तिथे शाळांच्या आवारात बसवलेले दांगुनचे पुतळे मूर्तिपूजा म्हणून काही कडव्या ख्रिस्ती मंडळींनी १९९९ मध्ये फोडले. २००७ मध्ये शालेय इतिहासात ‘दांगुनने राज्य स्थापले असे म्हणतात’ याऐवजी ‘स्थापले’ असे लिहिले गेले. उत्तरेवर हसणाऱ्यांनी हे कमी लक्षात घेतले. पुढे काही वर्षी ३ ऑक्टोबरचा संयुक्त सोहळा त्याच समाधीपुढे झाला आणि दक्षिणेतून पाहुणे गेले.