मृत समुद्राकाठचे आरोग्यपर्यटन

जॉर्डन, इस्रायल आणि पश्चिम किनारा (वेस्ट बँक हा पॅलेस्टिनी प्रदेश) यांच्यामध्ये खचदरीत वसलेल्या मृत समुद्राच्या काठी विश्रांतीसाठी, खाऱ्या पाण्यात तरंगण्यासाठी, काळ्या चिखलाचा लेप लावून घेण्यासाठी आणि त्वचारोगांवरील उपचारांसाठी जाण्याची प्रथा. हा समुद्र म्हणजे खरे तर खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. त्याला हिब्रूत ‘याम हमेलाख’, म्हणजे मिठाचा समुद्र, असे नाव आहे. अरबीत तो मृत समुद्र आणि लूतचा समुद्र या दोन्ही नावांनी ओळखला जातो. किनाऱ्यापासून तास-दोन तासांच्या अंतरात मसादा, कुम्रान, एन-गेदी, मुकाविर आणि मादाबा ही प्राचीन स्थळे असल्यामुळे इथली सुटी सहसा दोन भागांत विभागली जाते : सकाळी उन्हे चढण्याआधी अवशेष पाहायचे आणि दुपारनंतर पाण्यात उतरायचे. पाणी आणि अवशेष या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या, तरी दोन्हींच्या मुळाशी या प्रदेशाचा कोरडेपणाच आहे. ज्या हवेने पाणी आटवून दाट केले, तिनेच दोन हजार वर्षांपूर्वीची चर्मपत्रे आणि खजुराच्या बिया कुजू दिल्या नाहीत.

पाण्याचा काठ आज समुद्रसपाटीपासून सुमारे ४३८ मीटर खाली आहे. पृथ्वीवर उघड्या जमिनीचा याहून खोल भाग नाही. जॉर्डन नदी आणि दोन्ही बाजूंचे ओढे इथे येऊन मिळतात, पण पुढे जायला वाट नाही. आलेले पाणी वाफ होऊनच जाते आणि क्षार मागे राहतात. वर्षाचा पाऊस जेमतेम ५० ते १०० मिलिमीटर पडतो आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास असतो. लिटरभर पाणी आटवले तर सुमारे ३४० ग्रॅम क्षार हाती येतात. एरवीच्या समुद्राच्या पाण्यातून ३५ ग्रॅम निघतात. शिवाय हे मीठ आपल्या ताटातले मीठ नव्हे. यातला निम्मा वाटा मॅग्नेशियम क्लोराइडचा आहे आणि बाकी सोडियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांचे क्षार आणि ब्रोमाइड आहेत. म्हणूनच हे पाणी नुसते खारट न लागता जहाल कडू लागते आणि अंगाला लागले की तेल चोळल्यासारखे बुळबुळीत वाटते.

पाण्याची घनता सुमारे १.२४ असल्याने माणूस त्यात बुडत नाही, शरीराचा जवळपास पाचवा हिस्सा वरच राहतो. जोसीफस या इतिहासकाराने लिहिले आहे, की रोमन सेनापती व्हेस्पेशियन याने पोहता न येणाऱ्या काही माणसांचे हात मागे बांधून त्यांना इथे पाण्यात टाकायला लावले आणि ती सगळी तरंगत वर आली. आज पाण्यात उतरायची रीत साधी आहे. गुडघाभर पाण्यापर्यंत सावकाश चालत जायचे, काठाकडे तोंड करायचे आणि खुर्चीवर बसावे तसे मागे बसायचे. पाय आपोआप वर येतात. त्या क्षणी आपले वजन कुठे गेले हेच कळत नाही आणि पहिल्यांदा उतरणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती हसू लागते. बाहेर येताना मात्र गुडघे पोटाशी घेऊन पाय मुद्दाम खाली दाबावे लागतात. पालथे होऊन पोहायला जाऊ नये. तोंड पाण्यात गेले की पाय वर राहतात आणि उलटे होणे अवघड जाते. न बुडवणाऱ्या या पाण्यात माणसे दगावली आहेत ती अशीच, आणि दोन-चार घोट पोटात गेले तरी रुग्णालयात न्यावे लागते. डोळ्यांत थेंब गेला तर चोळू नये, ताबडतोब गोड्या पाण्याने धुवावा. आदल्या दिवशी दाढी केलेली असेल, बोटाला बारीकशी चीर असेल, तर ती नेमकी कुठे आहे हे पाणीच सांगते. पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

किनाऱ्यावरचा चिखल करडा-काळा, लोण्यासारखा मऊ असतो आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. हा वास त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा. अंगभर लेप दिल्यावर तो उन्हात वाळू लागतो, काळ्याचा फिका राखाडी होतो आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते. पूर्ण तडकण्याआधी तो धुवायचा असतो. सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांतून हाच चिखल जगभर विकला जातो, आणि डब्यावर लिहिलेले सगळेच दावे खरे मानायचे कारण नाही.

त्वचारोगांवरचा उपचार ही मात्र गंभीर बाब आहे. सोरायसिस, इसब आणि कोड यांच्या रुग्णांना इथे साधारण चार आठवडे ठेवून रोज ठरावीक मिनिटे ऊन आणि समुद्रस्नान दिले जाते. हवेचा चारशेहून अधिक मीटरचा जादा थर आणि पाण्यावरची वाफ यांतून गाळून येताना अतिनील किरणांतला अधिक दाहक भाग कमी होतो, त्यामुळे त्वचा न भाजता रुग्णाला जास्त वेळ उन्हात बसता येते. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इस्रायली त्वचारोगतज्ज्ञांनी याचा अभ्यास सुरू केला आणि पुढे जर्मनी, डेन्मार्क यांसारख्या देशांतून रुग्ण पाठवले जाऊ लागले. बहुतेकांचे चट्टे बऱ्याच अंशी ओसरतात. रोग मात्र मुळातून जात नाही, काही महिन्यांनी तो परत डोके वर काढतो. तरीही वर्षानुवर्षे अंग झाकून वावरणाऱ्या माणसाला आपल्यासारख्याच माणसांत, कोणाच्या नजरेची पर्वा न करता उघड्या अंगाने बसता येणे याचे मोल औषधाइतकेच आहे, आणि ते आकड्यांत मावत नाही. उंची कमी असल्याने हवेचा दाब जास्त आणि प्राणवायू थोडा अधिक असतो, म्हणून काही श्वसनविकारांतही आराम पडतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे.

या काठी बरे व्हायला येणे नवे नाही. यहूदी राजा हेरोद आपल्या शेवटच्या आजारात पूर्व काठावरच्या कॅलिर्‍होए येथील उष्ण झऱ्यांवर आला होता. वैद्यांनी त्याला कोमट तेलाने भरलेल्या टाकीत उतरवले तेव्हा त्याची शुद्ध हरपली, असे जोसीफस सांगतो. गुण आला नाही, आणि इ. स. पू. ४ च्या सुमारास तो यरीहो येथे मरण पावला. जवळच डोंगरात माईनचे गरम पाण्याचे धबधबे आहेत आणि तिथे आजही स्नानगृहे चालतात. प्राचीन काळी मृत समुद्राची ओळख औषधापेक्षा व्यापाराची होती. तळातून सुटून वर येणारे डांबराचे गोळे नबाती हे प्राचीन अरब लोक गोळा करत आणि इजिप्तला विकत. तिथे ते ममी तयार करायला वापरत. ग्रीकांनी या समुद्राला ‘डांबराचे सरोवर’ म्हटले ते यामुळेच.

हेरोदाची खरी खूण मसादा येथे दिसते. पश्चिम काठावर, पाण्यापासून सुमारे साडेचारशे मीटर उंच उठलेला हा सपाट माथ्याचा एकाकी डोंगर. त्याच्या उत्तर कड्यावर हेरोदाने तीन टप्प्यांत उतरत जाणारा महाल बांधला. वाळवंटातल्या या माथ्यावर त्याने रोमन पद्धतीचे स्नानगृहही उभारले. त्याच्या उष्ण दालनाची फरशी वीतभर-हातभर उंचीच्या असंख्य बुटक्या खांबांवर तोललेली होती आणि त्या पोकळीतून भट्टीची गरम हवा खेळे. फरशी गेली, पण खांबांच्या रांगा अजून उभ्या आहेत. पाण्यासाठी कड्यात बारा टाकी खोदली होती. वर्षातून एक-दोनदा येणाऱ्या पुराचे पाणी ओढ्यांवर बांध घालून त्यांत वळवत आणि तिथून ते माणसे व गाढवे माथ्यावर चढवत. ज्यांनी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची खोदटाकी पाहिली आहेत, त्यांना ही टाकी पाहून बांधणाऱ्याची अक्कल लगेच उमगेल.

रोमविरुद्धच्या उठावात जेरुसलेम पडल्यानंतर यहूदी बंडखोर कुटुंबकबिल्यासह मसादावर राहिले. इ. स. ७३ किंवा ७४ मध्ये रोमन सेनापती फ्लेव्हियस सिल्वा याच्या हाताखालील दहाव्या लीजनने (सैन्यदलाने) वेढा घातला आणि पश्चिमेकडून माती-दगडांचा प्रचंड उतार रचून तटाला भिडले. जोसीफसच्या कथनानुसार शरण जाण्याऐवजी ९६० जणांनी मृत्यू पत्करला, दोन स्त्रिया आणि पाच मुले तेवढी वाचली. इस्रायली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांनी १९६३ ते १९६५ या काळात केलेल्या उत्खननात महाल, कोठारे आणि सिनेगॉग (यहूदी प्रार्थनागृह) उजेडात आले, पण इतक्या माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. या कथेच्या तपशिलांवर विद्वानांत आजही वाद आहे. रोमनांचा उतार आणि आठ छावण्यांच्या चौकोनी भिंती मात्र वरून स्पष्ट दिसतात. २००१ मध्ये मसादा जागतिक वारसा यादीत गेले. रोपवे आहे, तरीही ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी पहाटे ‘सर्पवाटे’ने चढून जॉर्डनच्या डोंगरांआडून येणारा सूर्य पाहावा.

मसादाच्या उत्खननात मिळालेल्या खजुराच्या बियांपैकी एक २००५ मध्ये दक्षिण इस्रायलमधील केतुरा वसाहतीत पेरली गेली आणि ती रुजली. दोन हजार वर्षांच्या या रोपाला बायबलमधल्या दीर्घायुषी पुरुषाचे, मथुशलहाचे, नाव दिले. ते झाड नर निघाले. पुढे या भागातल्याच इतर प्राचीन बियांतून मादी रोपेही उगवली आणि त्यांपैकी एकीला मथुशलहाच्या परागापासून खजूर धरले.

वायव्य काठावरच्या कुम्रानजवळ १९४७ च्या सुमारास एका भटक्या बेदूइन अरब गुराख्याला गुहेत मातीचे रांजण आणि त्यांत चर्मपत्रांच्या गुंडाळ्या मिळाल्या. पुढे अकरा गुहांतून नऊशेहून अधिक हस्तलिखितांचे अंश निघाले. त्यांत बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाची सात मीटरहून लांब गुंडाळी जवळपास अखंड आहे. यांतील चार गुंडाळ्या १९५४ मध्ये अमेरिकेतील वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये छोट्या जाहिराती देऊन विकायला काढल्या होत्या. आज मुख्य गुंडाळ्या जेरुसलेममध्ये आहेत. कुम्रानला गेल्यावर भिंतींचे पाये, पाण्याची कुंडे आणि समोरच्या कड्यातली गुहांची काळी तोंडे दिसतात. हे स्थळ १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पश्चिम किनाऱ्यात येते.

मसादा आणि कुम्रान यांच्या मधल्या एन-गेदीला बारमाही गोडे पाणी आहे. बायबलमधल्या कथेनुसार शौल राजापासून पळालेला दावीद इथल्या गुहांत लपला होता, आणि बायबलमधल्याच ‘गीतरत्न’ या काव्यातली प्रेयसी आपल्या प्रियकराला एन-गेदीच्या मळ्यातल्या मेंदीच्या फुलांच्या झुबक्याची उपमा देते. धबधब्याखाली अंग भिजवून वर पाहिले तर कड्यावर उभे असलेले लांब शिंगांचे रानबोकड दिसतात.

जॉर्डनच्या बाजूला हॉटेले उत्तरेकडे स्वेइमेजवळ आहेत आणि अम्मानहून तासाभरात पोचता येते. मुकाविरच्या टेकडीवर हेरोदाचा दुसरा किल्ला आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तिथे मारले, असे जोसीफस सांगतो. मादाबाच्या चर्चमध्ये जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेक नकाशा आहे. त्यात मृत समुद्रावर दोन नावा आहेत आणि जॉर्डन नदीच्या मुखाशी एक मासा खाऱ्या पाण्यापासून तोंड फिरवून प्रवाहाविरुद्ध परत निघाला आहे. बारीक रंगीत दगडांतला तो मासा शोधल्याशिवाय तिथून निघू नये. पाण्यात मासे नसले तरी ते अगदीच निर्जीव नाही. मीठ सोसणारे सूक्ष्मजीव त्यात आहेत, हे १९३० च्या दशकातच दिसून आले होते.

जॉर्डन नदीच्या पूर्व काठावरील अल-मग्तास येथे, योहानाने येशूला बाप्तिस्मा दिला त्या परिसरात, एलियाहू संदेष्ट्याची टेकडी आहे. तिथून तो अग्निरथातून स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. कोकणातल्या बेने इस्रायल या यहूदी समाजाचे या एलियाहू हन्नबीशी विशेष नाते आहे. शुभकार्यात आणि नवस फेडताना त्याच्या नावाने पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा केला जातो, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावातील एका खडकावरच्या खुणा त्याच्याच रथाच्या मानल्या जातात. १९४८ नंतर हा मराठीभाषक समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. त्यातली बरीच कुटुंबे दिमोना शहरात स्थिरावली. दिमोना १९५५ मध्ये वसवले गेले ते मृत समुद्राच्या क्षार कारखान्यांच्या कामगारांच्या निवाऱ्याचाही विचार करून. मिठागरांच्या मुलखातून आलेली माणसे पुन्हा मिठाच्याच शेजाराला आली, आणि दिमोनात आजही मराठी कानावर पडते.

हे कारखाने आणि सुटीची हॉटेले यांचे नाते बहुतेक पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. मृत समुद्राचे दक्षिण पात्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस मूळ समुद्रापासून तुटले. इस्रायलमधील एन बोकेकची हॉटेले ज्या निळ्या पाण्याकाठी उभी आहेत, तो क्षार काढण्यासाठी पंपाने भरलेला बाष्पीभवनाचा तलाव आहे. तिथे दरवर्षी तळाशी मीठ साचते आणि पाणी सुमारे २० सेंटिमीटर वर चढते, त्यामुळे हॉटेलांच्या तळघरांना धोका निर्माण झाला आणि तळातले मीठ खरवडून काढावे लागत आहे.

उत्तरेकडे याच्या नेमके उलटे घडते आहे. १९६० च्या सुमारास पातळी ३९५ मीटर खाली होती, आता दरवर्षी ती साधारण एक मीटरने उतरते. जॉर्डन आणि यार्मूक नद्यांचे पाणी इस्रायल, जॉर्डन आणि सीरिया यांनी शेतीला व शहरांना वळवले. त्यात क्षार कारखान्यांच्या बाष्पीभवनाची भर पडली. खारे पाणी मागे सरले की भूगर्भातले गोडे पाणी त्याच्या जागी शिरते, गाडलेला मिठाचा थर विरघळवते आणि वरची जमीन अचानक कोसळते. पश्चिम काठावर असे हजारो खड्डे पडले आहेत. एन-गेदीचा सार्वजनिक किनारा त्यांच्यामुळे बंद करावा लागला आणि खजुराच्या बागा सोडून द्याव्या लागल्या. तिथले १९८० च्या दशकात पाण्याच्या काठी बांधलेले स्नानगृह पाण्यापासून इतके दूर पडले, की स्नानाला येणाऱ्यांना ट्रॅक्टरने न्यावे लागे. तांबड्या समुद्राचे पाणी इकडे आणण्याच्या योजनेवर २०१३ मध्ये करार झाला होता, तो पुढे बारगळला.

जायला मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने चांगले. हिवाळ्यात आणि त्याच्या आगेमागे डोंगरावर पाऊस पडला की कोरड्या घळींत मिनिटांत लोंढा येतो. २०१८ मध्ये दोन्ही देशांत सहलीला आलेली विद्यार्थी मुले अशा लोंढ्यांत वाहून गेली, म्हणून आकाश निरभ्र असले तरी हवामानखात्याचा इशारा पाहूनच घळीत उतरावे. सीमा आणि युद्धाची परिस्थिती पाहून बेत आखावा. किनाऱ्यावरच्या ‘खड्डे आहेत’ अशा पाट्या ओलांडून पुढे जाऊ नये. पायांत चपला ठेवाव्यात, कारण मिठाचे खडे काचेसारखे कापतात. चांदीचे दागिने खोलीवर काढून ठेवावेत, या पाण्यात ते काळे पडतात.