'माननीय अध्यक्ष महोदय' आले कुठून?

१ ऑगस्ट जवळ आला की महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून एकच वाक्य घुमायला लागतं, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती एकाच दिवशी, पण भाषणं करायला लावतात ती बहुतेक टरफलांवरच. पाचवीत मीही केलं होतं, म्हणजे करायला उभी राहिले होते. आईने वहीत लिहून दिलेलं, आठवडाभर घोकलेलं, आणि "माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो" हे एका दमात म्हणून झाल्यावर पुढचं सगळं साफ गायब. कसंबसं "मी शेंगा" एवढं तोंडातून बाहेर पडलं आणि खाली बसलेल्या पोरांनीच ओरडून वाक्य पुरं केलं. हशा झाला, मी रडत खाली बसले, विषय संपला.

आता या भीतीवर औषध विकणारा केवढा मोठा बाजार आहे ते आपण बघतोच, पब्लिक स्पीकिंग, लीडरशिप, कॉन्फिडन्स, वीकेंडचा कोर्स, वर सर्टिफिकेट. या धंद्याचं मूळ अमेरिकेत आहे. डेल कार्नेगीने १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वायएमसीएत संध्याकाळचे वर्ग सुरू केले आणि १९२४ मध्ये राल्फ स्मेडलीने कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावच्या वायएमसीएतच टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब काढला, जिथे तुम्ही किती वेळा "अं... अं" केलं ते मोजायला एक माणूस बसवलेला असतो. त्यात वाईट काही नाही, मी स्वतः दोन वर्षं जात होते, फायदा झाला. पण तिथे सतत असं वाटायचं की भाषण ही जणू बाहेरून आलेली गोष्ट आहे आणि आपण मराठी माणसं मुळात लाजाळू. हे काही पटेना, म्हणून मागे मागे जात वाचायला लागले, आणि सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते या अध्यक्ष महोदयांचं. हे आले कुठून?

कारण आपल्याकडे शेकडो वर्षं लोकांपुढे उभं राहून बोलण्याचा जो प्रकार होता, कीर्तन, त्यात अध्यक्ष नसतोच. नामदेवांनी "नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी" म्हटलं तेव्हापासून बघा, बुवा उभे, समोर लोक बसलेले, आणि बोलणं थेट त्यांच्याशी. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे आधी मुद्दा आणि मग गोष्ट, आजचे ट्रेनर स्टोरीटेलिंग म्हणून जे शिकवतात ते काही फार वेगळं नाही. वारकरी कीर्तनात तर मागे टाळकरी उभे असतात, मृदंग असतो. बुवांनी चरण उचलला की टाळकरी तो पुढे नेतात, आणि तेवढ्या वेळात बुवांना श्वास घ्यायला मिळतो, पुढचं आठवायला मिळतं, समोरचा पेंगतोय की ऐकतोय हे बघायलाही मिळतं. पेंगत असेल तर विठ्ठलाचा गजर लावायचा. माझं अर्धं वाक्य पोरांनी पुरं केलं तेव्हा मला लाज वाटली, कीर्तनात तेच व्हायला पाहिजे असतं!

याचं माझ्या मते सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे गाडगेबाबा. १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावात कीर्तन. आणि कीर्तन म्हणजे काय तर प्रश्न. ते सांगायचे कमी, विचारायचे जास्त, वऱ्हाडी बोलीत, कर्जाबद्दल, दारूबद्दल, देवाला कोंबडं-बकरं कापण्याबद्दल, पोरांना शाळेत घालण्याबद्दल, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. हजार माणूस एका सुरात "नाही" म्हणतंय किंवा "हो" म्हणतंय आणि बोलता बोलता आपणच आपल्याविरुद्ध साक्ष देऊन बसलोय हे त्याला मागाहून कळतंय. मधूनच "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला", म्हणजे पुन्हा तीच श्वासाची जागा. त्यांच्या शेवटच्या काळातल्या एका कीर्तनाचं रेकॉर्डिंग आहे, मिळालं तर जरूर ऐका, आवाज म्हाताऱ्याचा आहे पण लोकांचा हुंकार कुठे पडतो ते बघा, एकही प्रश्न वाया जात नाही.

मग अध्यक्ष कधी आला? तर एकोणिसाव्या शतकात, सभेबरोबर. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं, दादाभाई नौरोजी त्यातलेच. तिथे निबंध वाचायचे आणि त्यावर चर्चा करायची. त्याच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, म्हणजे आपल्याला व्याकरण देणारे दादोबा. हा इंग्रजी सोसायट्यांचा साचा होता, अध्यक्ष, ठराव, अनुमोदन, आभारप्रदर्शन, सगळं तिकडून आलं. आणि एक मोठा बदल असा झाला की बोलणाऱ्याने तोंड लोकांकडे ठेवायचं पण बोलायचं अध्यक्षांना उद्देशून. शिस्तीसाठी हे चांगलंच आहे, समोरच्याशी थेट हमरीतुमरी होत नाही, पण निबंध *वाचायचा* ही सवयही याच वाटेने आली असं मला वाटतं. शाळेतलं पाठ केलेलं भाषण हे त्या निबंधाचंच लेकरू.

अर्थात हा साचा सगळ्यांनी लगेच घेतला असं नाही. १८५७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईत समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी उघड वाद घालत होते, वाळूत, गर्दीत, आणि त्याची नोंद पुढे पुस्तकरूपाने आली ती समोरच्या पक्षाच्या जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच केलेली. उत्तर तिथल्या तिथे द्यायला लागायचं, वहीबिही नाही.

पुण्यात मात्र सभेचा साचा चांगलाच रुजला. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि ती ज्या संस्थेची, तिचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. नाव जरा उच्चारून बघा, जीभ अडखळते, पण अर्थ सरळ आहे की लोकांनी बोलावं म्हणून त्यांना उत्तेजन द्यायचं, तेही अमेरिकेतले ते क्लब निघायच्या जवळपास पन्नास वर्षं आधी. दर उन्हाळ्यात महिनाभर व्याख्यानं, आजही चालू आहेत. त्याच १८७५ साली रानड्यांनी दयानंद सरस्वतींना पुण्यात व्याख्यानांना बोलावलं, शेवटी हत्तीवरून मिरवणूक निघाली आणि विरोधकांनी उत्तर म्हणून गाढवाची मिरवणूक काढली. म्हणजे ट्रोलिंग काही नवीन नाही.

पण उत्तेजन कुणाला, हा खरा प्रश्न. मला कोर्समध्ये शिकवलं की भीती तुमच्या मनात आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचल्या की कळतं, भीती मनात नव्हती, घरात होती. मुलींसाठी हायस्कूल काढावं म्हणून पुण्यात हिराबागेत सभा होती, गव्हर्नर आलेले, आणि रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखवलं. सभेत कौतुक झालं, आणि घरी आल्यावर घरातल्या थोरल्या बायकांनी जो तोंडाचा पट्टा सोडला तो त्यांनी लिहून ठेवलाय. पुरुषांच्या सभेत बाई इंग्रजी वाचते म्हणजे काय! आता अशा बाईला "डोळ्यात डोळे घालून बोला" हा सल्ला काय कामाचा. पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतात ती १८८९ ची, मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं तेव्हाची. त्या बोलायला उभ्या राहिल्या, आवाज पोचेना, गलका, त्या गप्प उभ्या राहिल्या आणि सगळं शांत झाल्यावर म्हणाल्या की बाईचा आवाज लहान राहिला यात नवल नाही, तो मोठा करायची संधी तुम्ही दिलीच कधी. आणि आनंदीबाई जोशी, अमेरिकेला जायच्या आधी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात उभ्या राहिल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. मी का जातेय, एकटी का जातेय, परत आल्यावर जातीबाहेर टाकाल त्याचं काय, लोक ज्या शंका कुजबुजत होते त्या एकेक करून स्वतःच वर काढल्या आणि उत्तरं दिली. पुन्हा प्रश्नोत्तरंच, बघा.

टिळकांबद्दल आपली समजूत अशी की गर्जना करत असतील. "सिंहगर्जना" हा शब्द त्यांच्या नावाला चिकटलेलाच आहे. पण त्यांना ऐकलेल्यांनी लिहिलंय ते उलट, साधं बोलणं, अलंकार नाहीत, मुद्द्यावर मुद्दा. अलंकार, वक्रोक्ती, टोमणे हे खातं शिवरामपंत परांजप्यांचं. टिळकांचं सगळ्यात लांब भाषण सभेत नाही, कोर्टात झालं, १९०८ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात, वकील न घेता स्वतः, काही दिवस मिळून २१ तास १० मिनिटं! त्यातला बराच भाग तर मराठी शब्दांवर आहे, की केसरीतल्या अमक्या शब्दाचं सरकारी इंग्रजी भाषांतर चुकीचं आहे, मराठीत त्याचा अर्थ तो नाही. ज्यूरीतले सात युरोपियन, दोन पारशी, म्हणजे मराठी शब्दाचा वाद अशा लोकांपुढे घालायचा ज्यांना तो वाचताच येणार नाही. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. कम्युनिकेशनचे कोर्स घेणारे "ऑडियन्स ओळखा" म्हणतात, इथे ओळखून उपयोग नव्हता.

गोखल्यांचं वेगळंच. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्यांनी पहिलं बजेट भाषण केलं, आणि सरकार ज्या शिलकीचा टेंभा मिरवत होतं ती शिल्लक म्हणजे दुष्काळात पिचलेल्या लोकांकडून घेतलेला जादा कर आहे हे सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. मवाळ म्हणून आपण त्यांना कायम बाजूला बसवतो, पण आकडे घेऊन शांतपणे बोलायचं असेल तर गुरू तेच.

हे सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना या सभांमध्ये खुर्चीच नव्हती त्यांनी वेगळाच रस्ता काढला, तमाशाचा. १८७३ ला जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला, आणि पुढे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरायला लागले, गण, संवाद, सोंगं सगळं तमाशातलं पण विषय भटशाही, सावकारी, शिक्षण. मग आंबेडकरी जलसे, भीमराव कर्डकांचा. बाबासाहेब म्हणाले असं सांगतात की माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच. हे बाबासाहेबांनी म्हणावं! म्हणजे महाडला १९२७ मध्ये आणि येवल्याला १९३५ मध्ये ज्यांच्या शब्दावर माणसं आयुष्य बदलायला निघाली त्यांनी. पुढे १९४४ ला अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकरांचं लाल बावटा कलापथक. इकडे साताऱ्यात नाना पाटील, शेतातल्या भाषेत बोलणारे.

लाऊडस्पीकर आला त्याने काय केलं यावर कुणी फार बोलत नाही. १९३० च्या आसपास काँग्रेसच्या सभांना मोटवानींचे कर्णे लागायला लागले, जुन्या फोटोंत माइकवर 'शिकागो रेडिओ' लिहिलेलं दिसतं ते हेच, कंपनी मुंबईची. बारीक आवाजाच्या माणसाला, बाईला, म्हाताऱ्याला लाखाच्या सभेत बोलता यायला लागलं हा फायदा झालाच. पण तोपर्यंत वक्त्याला आवाज पोचवायला थांबत थांबत बोलावं लागायचं, ती थांबायची सक्ती गेली, आणि लोकांचा हुंकार त्या कर्ण्यात बुडाला. अत्रे याला अपवाद, संयुक्त महाराष्ट्राच्या काळात शिवाजी पार्कवर "गेल्या दहा हजार वर्षांत" असं काहीतरी सुरू केलं की लोक आधीच हसायला लागायचे, पुढचं वाक्य त्यांना माहीत असायचं. टाळकरीच झाले की ते.

शाळेत मात्र यातलं काही आलं नाही. आला तो १८४८ चा निबंध आणि त्याच्या डोक्यावरचा अध्यक्ष. गुण कशाला तर पाठांतर, उच्चार, हावभाव. समोरच्याने मध्येच काही विचारलं तर काय करायचं याला गुण नाहीत, कारण कुणी विचारतच नाही.

परवा भाचीचं १ ऑगस्टचं भाषण आलं, पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं, शेंगा टरफलांसकट. तिने वहीत उतरवून घेतलं होतं. मी विचारलं, अगं अध्यक्ष महोदय लिहिलंयस, पण अध्यक्ष कोण आहे? म्हणाली, माहीत नाही मावशी, बाई म्हणाल्या तेवढं सगळ्यांनी लिहायचंच.