चान्या आणि सलामी: एक वाळते, दुसरी आधी आंबते

एप्रिलच्या उन्हात लातूरकडच्या आमच्या अंगणात दोरीवर मटणाच्या चान्या वाळायच्या. मीठ-हळद चोळलेल्या, बोटभर रुंद पट्ट्या. आजी एक मोडून बघायची. कट् आवाज आला तर उतरवायची, वाकली तर पुन्हा दोरीवर. त्याच भरवशावर चुलतभावाने उन्हाळ्यात सलामी, म्हणजे खिम्याचं वाळवलेलं सॉसेज, करायला घेतली. खिम्यात मीठ-मसाला कालवून आतड्यात भरला आणि स्वयंपाकघरात टांगला. "वाळलं की झालं," म्हणाला. मी ती सगळी फेकायला लावली.

चानीत जंतू असतात ते बहुतेक वरच्या अंगाला. मीठ आणि ऊन आधी तिथंच लागतं, पातळ पट्टीतलं पाणी लवकर उडतं, आणि शेवटी ती कालवणात रटरट शिजते. सलामी कच्चीच खातात. शिवाय खिमा करताना वरचे जंतू पार आत कालवले जातात, आणि जाड कांडी आतून वाळायला कित्येक आठवडे लागतात. तोवर आत ओल असते, हवा नसते. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला हेच हवं असतं. त्याचं नावच सॉसेजसाठीच्या लॅटिन शब्दावरून पडलंय.

म्हणून सलामीत मोजून नायट्राइट (या जंतूला रोखणारा क्षार) घालतात, आणि वाळवण्याआधी विरजण लावतात. दह्यासारखंच: जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ५.३ पर्यंत उतरायला हवा, तोही वेळेत, कारण उबेत स्टॅफिलोकॉकस हा विष सोडणारा जंतूही वाढत असतो. अमेरिकेतल्या कारखान्यांच्या हिशोबात २४ अंशांना सुमारे ८० तास मिळतात, ३८ अंशांना फक्त २५. आपल्याकडचं मे महिन्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. या जंतूने एकदा विष सोडलं की नंतर उकळूनही ते जात नाही.

आंबटपणाने सगळेच जंतू मरतात असंही नाही. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ मेटवुर्स्ट या आंबवलेल्या सॉसेजमधून ई. कोलाय हा जंतू पसरला आणि एक लहान मूल दगावलं. आम्ल आणि कोरडेपणा वाढ रोखतात, पण मुळात जंतू कमी असावेत म्हणून स्वच्छ मटणच लागतं. काही कारखाने शेवटी हलकी उष्णताही देतात.

भावाने आता ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा काटा आणि पीएच मीटर आणलाय. विरजण मिळेपर्यंत मात्र दोरीवर चान्याच आहेत.