नवा टॉवेल पाणी का टिपत नाही?

दुकानात लोण्यासारखा मऊ लागलेला टॉवेल घरी आणून अंगाला लावला, की पाणी टिपले जातच नाही, नुसते इकडून तिकडे सरकते. ‘कापसात भेसळ आहे’ असा निकाल लगेच लागतो. बहुतेक वेळा कापूस बिचारा चोख असतो. हाताला मऊ लागावा म्हणून कारखान्यात टॉवेलला शेवटी सिलिकोनचा किंवा स्निग्ध पदार्थाचा लेप देतात, खोट असते ती त्या लेपाची.

तसा कापूस जन्मतः पाणी पिणारा नसतोच. सरकी काढलेल्या कच्च्या कापसाचा बोळा पाण्यावर टाका, तरंगत राहील. प्रत्येक तंतूवर मेणाचा थर असतो, वजनाने जेमतेम अर्धा-एक टक्का. कॉस्टिक सोड्यात उकळून ते मेण काढले, की त्याच कापसाचा औषधाच्या दुकानातला कापूस होतो. ब्रिटिश औषधकोशाची त्याला अट अशी, की तो 10 सेकंदांच्या आत पाण्यात बुडावा आणि 1 ग्रॅम कापसाने किमान 23 ग्रॅम पाणी धरावे.

तेवीसपट पाणी मावते कुठे? तंतूच्या पोटात फार थोडे. हवेत 65 टक्के आर्द्रता असताना सुती तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के बाष्प शोषून बसलेला असतो, म्हणजे 500 ग्रॅमच्या ‘कोरड्या’ टॉवेलमध्येही 35-40 ग्रॅम पाणी असतेच. लोकरीत हे प्रमाण 16 टक्के, पॉलिएस्टरमध्ये 0.4. पूर्ण भिजल्यावरही सुती तंतूच्या आत त्याच्या वजनाच्या साधारण निम्मेच पाणी जाते. बाकीचे सगळे तंतूंमधल्या फटींत राहते. म्हणूनच पॉलिएस्टरचे मायक्रोफायबरचे फडकेही ओटा झकास पुसते. तंतू काही पीत नाही, पण बारीक फटी असंख्य.

फटीत पाणी चढते ते केशाकर्षणाने, म्हणजे बारीक जागेत द्रव आपोआप ओढला जातो त्या ओढीने. 1 मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचनळीत ते दीड सेंटिमीटर चढते, 0.1 मिलिमीटरच्या नळीत 15 सेंटिमीटर. सूत्र असे: उंची = 2 × पृष्ठताण × कोसाइन थीटा ÷ (घनता × गुरुत्वत्वरण × त्रिज्या). यातला पृष्ठताण म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची ताणलेल्या पडद्यासारखी ओढ, आणि थीटा म्हणजे पाण्याचा थेंब पृष्ठभागाला ज्या कोनात टेकतो तो कोन. स्वच्छ कापसावर थेंब पसरतो, कोन शून्याकडे जातो आणि कोसाइन 1 च्या जवळ. मेणावर किंवा सिलिकोनच्या लेपावर थेंब गोळी होऊन बसतो, कोन 90 अंशांच्या पुढे, कोसाइन उणे! तीच फट आता पाणी ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलते. नव्या टॉवेलचे सारे रडगाणे या उणे चिन्हात आहे.

फट बारीक असेल तर पाणी उंच चढते, पण सावकाश, कारण चिंचोळ्या वाटेत श्यानतेचा, म्हणजे द्रवाच्या दाटपणाचा, अडथळा वाढतो. लुकास या संशोधकाने 1918 मध्ये आणि वॉशबर्न या दुसऱ्याने 1921 मध्ये दाखवले, की कापलेले अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. घरी पाहायचे तर पंच्याची 2 सेंटिमीटर रुंद पट्टी टांगा, टोक 1 सेंटिमीटर पाण्यात. पहिल्या मिनिटाला 3 सेंटिमीटर चढले, तर चौथ्याला 6 आणि नवव्याला 9 च्या आसपास दिसेल. पुढे गुरुत्व आणि बाष्पीभवन आडवे येतात, म्हणून पंखा बंद ठेवा. खुणा पेन्सिलीने करा. पाण्यात शाई घातली, तर रंग मागे रेंगाळतो आणि पाणी पुढे जाते, मोजमाप फसते. कोऱ्या पंच्याला खळ असते, तो आधी दोनदा धुवा.

सूत्रातल्या याच पृष्ठताणाने एकदा देश हलवला: 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपतीची मूर्ती ‘दूध प्यायली’, तेव्हा काठोकाठ भरलेल्या चमच्यातून दूध ओढले ते त्यानेच. मग ते मूर्तीवरून पातळ थर होऊन खाली ओघळले. दिल्लीत वैज्ञानिकांनी दुधात रंग घातला आणि ओघळ सगळ्यांना दिसला. रांगा तरीही हटल्या नाहीत, ते वेगळे.

टॉवेलच्या लेपावर उपाय सोपा. पहिल्या वापराआधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा, नेहमीपेक्षा कमी पावडर घालून, आणि खळबळून काढा. सॉफ्टनर अजिबात नको. त्याचे धनभारित टोक कापसाला चिकटते आणि चरबीची शेपटी बाहेर राहते, म्हणजे काढलेले मेण पुन्हा लावल्यासारखेच. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका तंतूंवर बसतो. तिथे बादलीत मूठभर धुण्याचा सोडा टाका. सोलापुरी टॉवेलच्या फासांत पाणी भरपूर मावते, पण पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही आणि कुबट वास धरतो. पंच्यात कमी मावते, म्हणून तो लवकर वाळतो.

पिळूनही पाणी न सोडणारा पदार्थ हवा असेल, तर डायपर फाडा. त्यातली सोडियम पॉलिअॅक्रिलेटची पूड फटींवर नव्हे, परासरणावर चालते, म्हणजे पाणी क्षार कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे जाते त्यावर. ऊर्ध्वपातित (वाफ करून पुन्हा थंड केलेले, क्षाररहित) पाणी ती वजनाच्या 200-300 पट शोषते. 0.9 टक्के मिठाचे पाणी मात्र 30-50 पटच. फुगलेल्या जेलवर चमचाभर मीठ भुरभुरा, काही मिनिटांत पाणी सुटेल. जाहिरातीत डायपरवर निळे पाणी ओततात. बाळ ओतते ते खारट असते.