भाव सांगताना आवाज का बसतो?

इंदूरच्या रामबागेत घरी जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, करून विकू पाहणाऱ्या पन्नाशीच्या बाईला धंद्याचा हिशेब शिकवायला बसलं, तर गणित फारसं आडवं येत नाही. धणे, जिरं, हिंग, पाकिटं, गॅस, सगळं ती तोंडी सांगते. गाडी अडते भावाशी. आवाज एकदम खाली जातो, आणि गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत तीच म्हणते, "तुम्हाला कमी करून देईन हो." स्वतःची मजुरी तर तिनं धरलेलीच नसते.

अशा वेळी मार्गदर्शक पुन्हा नफ्याचं सूत्र समजावतात. ते तिला कळलेलं असतं. पण ताण वाढला की कपाळामागच्या मेंदूचं, म्हणजे आकडे मनात धरून विचार करणाऱ्या भागाचं, काम मंदावतं. त्यात आणखी आकडे ओतून काय साधणार?

आधी भावना ओळखावी लागते. सॅलोव्हे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, ती भावना ओळखून विचारासाठी वापरण्याची क्षमता म्हणून. गोड बोलणं म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, हा अर्थ लोकांनी नंतर चिकटवला. 2007 मध्ये लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्दात नाव दिलं, की अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची सक्रियता कमी व्हायची. प्रयोगशाळेतली छायाचित्रं वेगळी नि रामबागेतलं स्वयंपाकघर वेगळं, हे खरंच. तरी "काकू, भाव सांगायची लाज वाटते की माल परत येईल अशी भीती?" एवढं विचारून पाहावं. दोन्हींचे उपाय निराळे आहेत.

आणि "तुम्हाला जमेल हो" हा धीर? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये आत्मविश्वासाचे चार स्रोत सांगितले. त्यांत सर्वांत भक्कम म्हणजे स्वतः करून मिळालेलं यश. दुसऱ्याचे शब्द त्यापुढे फिके. आपल्यासारख्या माणसाला जमलेलं पाहणं हाही त्यातलाच एक, म्हणून उद्योगपतीच्या भाषणापेक्षा पलीकडच्या गल्लीतली पापडवाली कामाला येते.

वयानं मोठ्या माणसाकडे जुनं यशही असतं, फक्त ते धंद्याच्या नावानं नोंदलेलं नसतं. हीच काकू वर्षानुवर्षं भिशी चालवते, थकलेले हप्ते न भांडता वसूल करते. उधारीचा धडा तिथूनच सुरू करावा. भावाचा सराव मात्र एका अनोळखी गिऱ्हाइकावर: मजुरी धरून पूर्ण भाव सांगायचा आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं.