मत्स्यसाठा-मूल्यमापन
व्यापारी मासेमारी चालू असलेल्या जातीची जननक्षम संख्या टिकून आहे का आणि वर्षाकाठी किती मासळी काढली तर ती टिकेल, हे ठरवण्याची पद्धती. ‘साठा’ म्हणजे एकाच जातीचा, आपापसांत प्रजनन करणारा आणि शेजारच्या गटाशी फारसा न मिसळणारा समूह. व्यवहारात त्याची हद्द बहुधा जीवशास्त्रापेक्षा राज्याच्या किनाऱ्यावरून ठरते.

उगम : या शास्त्राचा आरंभ कोणापासून धरावा याबद्दल एकमत नाही. समुद्रातील मुख्य मासळी मानवी मासेमारीने संपणार नाही, असे मत ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हक्स्ली यांनी १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात मांडले होते. गारस्टँग यांनी १९०० मध्ये वाफेच्या व शिडाच्या नौकांची क्षमता एका मापात आणून प्रत्येक नौकेमागची पकड घटत असल्याचे दाखवले. पकड व मासेमारीचा रेटा यांची सांगड घालण्याचा हा प्रारंभीचा ठळक प्रयत्न होय. इंग्रजी ग्रंथ बहुधा रसेल (१९३१) यांच्या समीकरणापासून सुरुवात करतात. त्यानुसार नव्या पिढीची भर व वाढ एकीकडे, पकड व नैसर्गिक मृत्यू दुसरीकडे. दोन्ही बाजू समान असल्या की साठा स्थिर राहतो. मात्र पकडीचे गणिती समीकरण बारानोव यांनी रशियनमध्ये १९१८ मध्येच दिले होते. पश्चिमेकडे ते उशिरा पोहोचले. कल्पनेचे श्रेय रसेल यांना देता येते, परंतु गणिताचा आरंभ बारानोव यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पद्धती : शेफर (१९५४) यांच्या प्रतिमानात साठा मूळ (मासेमारीपूर्वीच्या) वजनाच्या निम्म्यावर असताना वार्षिक वाढावा, म्हणजे साठ्यात पडणारी निव्वळ भर, सर्वाधिक असतो. समजा मूळ साठा १,००० टन व वाढीचा दर ०.४ असेल, तर कमाल शाश्वत उत्पादन, म्हणजे साठा न घटवता दरवर्षी काढता येणारी सर्वाधिक मासळी, १०० टन येते (०.४ × १,००० ÷ ४). बेव्हर्टन व होल्ट (१९५७) यांच्या पद्धतीला माशांचे वय लागते. थंड समुद्रात ते कानातल्या खड्यावरील वलयांवरून काढतात. उष्ण कटिबंधात ही वलये बहुधा अस्पष्ट असतात. म्हणून येथे लांबी मोजणाऱ्या पद्धती रुळल्या. पाउली व डेव्हिड यांची संगणकीय पद्धत १९८१ ची. धक्क्यावर मासा फळीवर आडवा ठेवून तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंतचे अंतर नोंदतात. जाळ्याच्या आसातून (भोकातून) लहान मासे निसटतात, त्यामुळे जाळ्याची ही निवड हिशेबात धरली नाही तर मृत्युदर चुकतो. नुसत्या टनांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे सर्वांत धोक्याचे, कारण नौका व जाळी वाढली की घटत्या साठ्यातूनही काही वर्षे पकड भरभरून येते.

बडोदे परिसर : सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकीर्दीत संस्थानच्या ओखामंडळ किनाऱ्यावरील सागरी प्राण्यांविषयी हॉर्नेल यांचा अहवाल दोन भागांत (१९०९ व १९१६) निघाला. मोत्यांचे कालव, शंख यांकडे त्याचा ओढा आहे. साठ्याचे गणित त्यात शोधू नये. नर्मदेतील हिलशाच्या (पाला) प्रजननाचे व अंड्यांचे वर्णन सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५० मध्ये केले. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र वडोदऱ्यात आहे.

पाला समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. वरच्या धरणांमुळे मुखाकडे येणारे गोडे पाणी घटले की वाढीचा दरच बदलतो. दर स्थिर धरणारे शेफर यांचे प्रतिमान येथे जपून वापरावे लागते. पश्चिम किनाऱ्यावरील केंद्रीय मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते, तर नर्मदेच्या मुखाकडील भाडभूतजवळ पाल्याची पकड मुख्यतः जुलै ते सप्टेंबरात होते. म्हणजे अंड्यांवरील माद्यांना या बंदीचा आडोसा जेमतेमच मिळतो.