युवा काव्यस्पर्धेचा अर्ज: इंदूरच्या मुलामुलींसाठी वय, भाषा, कागदपत्रे आणि मंचावरची तीन मिनिटे

पत्रकात नुसते ‘काव्य’ लिहिलेले असले तरी त्या एका शब्दाखाली बहुधा दोन स्पर्धा असतात. काव्यलेखनात विषय तिथेच मिळतो, कागदही तिथेच मिळतो आणि ठरलेल्या वेळात कविता लिहून द्यायची असते. घरून नेलेली कविता तिथे कामाची नाही. काव्यसादरीकरणात आपली आधी लिहिलेली कविता मंचावर म्हणायची असते आणि तिची प्रत अर्जासोबतच द्यावी लागते. दोन्हींत भाग घ्यायचा असेल तर बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात. एकाच अर्जात दोन्ही खुणा केल्या की खिडकीवरचा माणूस पहिली खूण धरतो, आणि मग दुसऱ्या यादीत नाव सापडत नाही.

सरकारी वाट जिल्ह्यातून राज्याला आणि राज्यातून राष्ट्रीय युवा महोत्सवाला जाते. हा महोत्सव १९९५ पासून १२ जानेवारीच्या, म्हणजे विवेकानंद जयंतीच्या सुमारास भरतो. पहिला भोपाळला झाला होता. वयोगट १५ ते २९. नोंदणी अलीकडे केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ या युवा पोर्टलवर होते. साहित्यसंस्थांचे आणि महाविद्यालयांचे महोत्सव आपापले नियम लावतात, पण कागद जवळपास तेच मागतात.

पोर्टलवर जिल्हा नीट निवडा. महू इंदूर जिल्ह्यात येते. पिथमपूर मात्र धार जिल्ह्यात आणि देवास स्वतंत्र जिल्हा, मग रोजचे जाणे-येणे इंदूरला का असेना. जळगाव-धुळ्याहून शिकायला आलेल्यांनी आधी ठरवावे की नोंद गावच्या पत्त्यावर करायची की महाविद्यालयाच्या बोनाफाइडवर. दोन जिल्ह्यांत नोंद सापडली तर दोन्ही अडकू शकतात.

वयाचा घोळ

‘१५ ते २९’ वाचून लोक आजचे वय मोजतात. मोजायचे असते ते पत्रकात दिलेल्या तारखेला. त्यातही ‘२९ पूर्ण नसावीत’ आणि ‘३० पूर्ण नसावीत’ यांत अख्ख्या वर्षाचा फरक आहे, तेव्हा वाक्य शेवटपर्यंत वाचा. पुरावा म्हणून दहावीची अंकसूची (गुणपत्रिका) सगळ्यात बिनतक्रार चालते. आधारवर जन्मतारखेऐवजी नुसते वर्ष छापलेले असेल तर ते कार्ड वयासाठी देऊ नका.

नावाचा घोळ, आणि हा खास आपला

मध्य प्रदेशातल्या अंकसूचीवर विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आईचे नाव वेगवेगळ्या ओळींत असते. मराठी घरात आधार काढताना मात्र वडिलांचे नाव मधे घालून सलग तीन शब्द लिहिले जातात. तपासणाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटतात. त्यात हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून काळे यांचे काले होतात आणि कुळकर्णी यांचे कुलकर्णी. अर्जात नाव अंकसूचीवर आहे तसेच, अक्षर न अक्षर लिहा, आणि आधारवरचे नाव वेगळे असेल तर ‘दोन्ही नावे माझीच’ असे स्वयंघोषणापत्र जोडा. प्रमाणपत्रावर ‘काळे’ छापून हवे म्हणून अर्जात परस्पर सुधारणा करण्याचा मोह आवरा. आधी कागद दुरुस्त करायचा, मग अर्ज भरायचा.

बाकी कागद थोडे आहेत: पत्त्याचा पुरावा किंवा मूल निवासी, म्हणजे अधिवासाचे प्रमाणपत्र (ते लोकसेवा केंद्रातून मिळते, आणि शेवटच्या आठवड्यात तिथे जाऊन उपयोग नसतो), फोटो, विद्यार्थी असाल तर बोनाफाइड, आणि बक्षिसाच्या रकमेसाठी पासबुकाचे पहिले पान. समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी-ओळख क्रमांक) मागितला तर सदस्याचा ९ अंकी द्या. परिवाराचा ८ अंकी असतो आणि घाईत तोच टाकला जातो. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. त्यातले पाचवे नेहमी शून्य, रोमन ‘ओ’ नव्हे.

भाषा आणि टंक

इंदूरमध्ये मराठी कविता घेऊन जाणाऱ्याने भाषेचे कलम सगळ्यात आधी वाचावे. ‘हिंदी किंवा इंग्रजी’ असे स्पष्ट लिहिले असेल तर मराठी कविता कितीही चांगली असली तरी बाद. ‘आठव्या अनुसूचीतील भाषा’ (राज्यघटनेतली भाषांची यादी) असे असेल तर मराठी चालते. तरीही फोन करून मराठी जाणणारा परीक्षक असेल का, ते विचारून घ्या. नसेल तर कवितेसोबत हिंदीत चार ओळींचा आशय जोडू का, हेही त्याच फोनवर विचारा.

प्रत युनिकोडमध्येच टाइप करा. झेरॉक्सच्या दुकानात अजून कृतिदेव हा जुना, युनिकोड नसलेला टंक वापरतात. त्यातून युनिकोड करताना ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते आणि ‘ॲ’ तर कुठल्या कुठे जातो. कवितेत एक अक्षर बिघडले की लय बिघडते, म्हणून पीडीएफ करून मोबाइलवर उघडून एकदा मोठ्याने वाचा. कवितेच्या पानावर नाव, शाळा, सही, काहीही नको. नाव फक्त अर्जावर. फाइलच्या नावातही स्वतःचे नाव ठेवू नका, हे हमखास राहते.

संमतिपत्र

१८ वर्षांखालच्यांचे संमतिपत्र पालकांच्या सहीशिवाय घेत नाहीत, कारण अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार कायद्याने टिकत नाही. सही करण्याआधी पालकांनी ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ हे वाक्य शोधावे. कवितेचा हक्क मुळात कवीचा असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. स्मरणिकेत छापायची आणि चित्रफीत दाखवायची परवानगी देणे रास्त आहे. सगळे हक्क लिहून देण्याची गरज नाही. आयोजकांना तसे नम्रपणे सांगितले तर ते वाक्य बरेचदा खोडूनही देतात.

तीन मिनिटे

सादरीकरणाला ३ मिनिटे दिली असतील तर २५० शब्दांच्या वर जाऊ नका. कविता सावकाश म्हणताना मिनिटाला ९०-१०० शब्द होतात, आणि दाद मिळाली तर थांबावेही लागते. घड्याळ बहुधा पहिल्या शब्दापासून सुरू होते, म्हणजे ‘नमस्कार, मी’ हाही त्यातच. प्रस्तावनेत ४० सेकंद घालवणारे शेवटच्या कडव्यात घंटा ऐकतात, आणि कवितेचा जीव बहुधा त्याच कडव्यात असतो. पाठ म्हणायची की वाचून, हे पत्रकात पाहा. पाठ असली तरी कागद खिशात ठेवा.

त्या दिवशी मूळ कागद, अर्जाची पोच आणि नाव नसलेल्या कवितेच्या तीन प्रती सोबत हव्यात. प्रमाणपत्र हातात पडले की तिथेच नावाचे स्पेलिंग तपासा. नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि त्याला तेच सगळे कागद पुन्हा जोडावे लागतात.